कासारणीची बोटं

भाचीच्या लग्नाचा चुडा भरायला कासारीण घरी आली होती. एकेकीचा हात गुडघ्यावर घ्यायची, पंजा दाबून मऊ करायची आणि बांगड्या चढवायची. माझी पाळी येईपर्यंत मी पदराखाली मनगट खाजवत होते. तिथे जांभळट, चपटे डाग उठलेत. डॉक्टर म्हणाले, "डाग कोणाला लागत नाहीत. पण यकृतात जुना विषाणू असला तर असे डाग येऊ शकतात, आणि तो रक्तातून पसरतो. रक्त तपासू." रिपोर्ट उद्या मिळणार आहे.

डागांची मला नुसती लाज वाटत होती. भीती वाटली ती कासारणीची बोटं पाहून. काचेनं चिरलेली, काही चिरा सुकलेल्या, एक अजून ओली. इतकी वर्षं हिच्याकडून बांगड्या भरल्या, पण बोटांकडे कधी पाहिलं नव्हतं. कातडी म्हणजे आपली हद्द, असं आपण धरून चालतो. एक बांगडी फुटली की कसली हद्द?

तिनं माझा हात धरला आणि मी तो झटकन मागे घेतला.

"अगं, लग्नघरात रिकाम्या हातांनी बसणार?" वहिनी म्हणाली.

खरं सांगायला मी तोंड उघडलं, आणि बसलेल्या बायकांकडे पाहून मिटलं.

कासारणीची नजर स्वतःच्या बोटांवर गेली. "चिरा आहेत ताई, घाण नाही," ती हळूच म्हणाली आणि बोटं पदराला पुसू लागली.

माझ्या मनगटाबद्दल मला नेमकं हेच सांगायचं होतं. मी पदर आणखी खाली ओढला.