नागप्पाचा सातवा खडा

वाती पेटवण्याआधी नागप्पा खिशात खडे भरायचा. सुरुंगाची जितकी भोकं दारूने भरली असतील, तितके खडे. वाती पेटवून तो धावत वर यायचा, दगडाच्या आडोशाला बसायचा आणि एक बार उडाला की एक खडा मागे भिरकावायचा. शेवटचा खडा हातातून सुटला की उभा राहून ओरडायचा, "या गं बायांनो, मोकळं हाय!" मगच खडी फोडणाऱ्या बाया खाणीत उतरायच्या. खडा उरला तर दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत खाण बंद, असा त्याचा नेम होता.

सोलापूरजवळच्या त्या दगडखाणीत सत्तरच्या दशकात मी देखरेखीला होतो. इस्त्रीचा शर्ट, गळ्यात शिट्टी, आणि अनुभव शून्य. नागप्पा अक्कलकोटकडचा, माझ्याहून वीसेक वर्षांनी मोठा. इशाऱ्याची शिट्टी मी जरा हळू वाजवली की म्हणायचा, "सायेब, शिट्टी वाजवताय का भाकर गार करताय?" खडे कशाला लागतात, असं मी एकदा त्याला विचारलं. तो म्हणाला, "कान फसतो, डोकं फसतं. खड्याला काय, त्येला घरी जायची घाई न्हाय."

बार उडत असताना कोणी बोललेलं त्याला खपत नसे. एकदा खुद्द मालकच बोलायला लागले, तर नागप्पा खेकसला, "गप बसा की वो!" मालकांचा चेहरा उतरला. सगळे बार उडाल्यावर नागप्पाने हात जोडले आणि म्हणाला, "माफी करा. पर मोजताना मालक कोन न्हाय." बाया तोंडाला पदर लावून हसत होत्या. त्यांच्यातली शेवंताबाई त्याची नेहमी फिरकी घ्यायची.

"नागप्पा, घरी लेकरं बी खड्यावरच मोजतोस का रं?"

"व्हय की. पाच हायती. सांजच्याला एक खडा उरला की बोंब मारतो."

आता त्या दिवसाचं लिहितो. भोकं सात होती. बाहेर ट्रक रांगेत उभे होते, मालक जीपमध्ये बसून होते आणि मी बारांकडे पाठ करून त्यांच्याशी बोलत होतो. नागप्पा आला, मूठ उघडली. एक खडा शिल्लक होता.

"सायेब, एक बार मुका ऱ्हायला, उडालाच न्हाय. आज खाली कोन न्हाय."

मालकांनी माझ्याकडे पाहिलं. मग बाहेरच्या ट्रकांकडे पाहिलं. मी म्हणालो, "दोन बार एकदम उडाले, नागप्पा. मी ऐकलं."

"तुमी सोता ऐकलं?"

"हो."

त्याने तळहात माझ्यापुढे धरला. "मंग ह्यो तुमी टाका. माज्या हातनं पडायचा न्हाय."

खडा त्याच्या मुठीत राहून गरम झाला होता. मी तो उचलला आणि मागे टाकला.

नागप्पा बायांकडे वळून म्हणाला, "तुमी हितंच थांबा गं. आदी मी बगून येतो." तो एकटा खाली उतरला. सातवा बार तेव्हा उडाला.

अहवाल मी लिहिला. 'सुरुंगवाल्याने बार मोजण्यात हयगय केली.' मालकांना हे वाक्य सांगावंही लागलं नाही, मलाच सुचलं. नागप्पाच्या बायकोने विचारलं, "काय लिवलंय, सायेब?" मी म्हणालो, "अपघात झाला, एवढंच." तिने अंगठा उठवला. तिच्या अंगठ्याची शाई पुसायला मी माझा रुमाल पुढे केला. तो रुमाल आठवला की आजही मला स्वतःची किळस येते.

खाण पुढे बंद पडली. आता तिथे तिकीट लावून पर्यटनस्थळ केलं आहे. गेल्या हिवाळ्यात सून मला हौसेने घेऊन गेली. सुरुंगाची दारू ठेवायच्या खोलीत आता कॉफी मिळते. खडी फोडणाऱ्या बाईचं लाकडी चित्र उभं केलं आहे, तोंडाच्या जागी भोक; लोक त्यात आपला चेहरा घालून फोटो काढतात. दर तासाला भोंग्यावरून सुरुंगांचे आवाज ऐकवतात आणि लोक मक्याच्या लाह्या खात टाळ्या वाजवतात. मी नकळत आवाज मोजू लागलो.

आत काचेखाली माझा अहवाल मांडला होता. वर पाटी होती: 'एका कामगाराच्या निष्काळजीपणाची किंमत.'

सून म्हणाली, "बाबा, अक्षर बघा ना, किती देखणं!"

मी तिथल्या माहिती सांगणाऱ्या तरुणाला म्हणालो, "ही पाटी खोटी आहे. काढा."

तो नम्रपणे म्हणाला, "आजोबा, रेकॉर्डमध्ये आहे तेच आम्ही लिहिलंय."

"ते रेकॉर्ड मीच लिहिलंय."

सुनेचा हात माझ्या दंडावरून सुटला. तो तरुण गोंधळून म्हणाला, "मग तुम्ही तसं लेखी द्या."

म्हणून हे लेखी देतो आहे. एक प्रत त्यांना पाठवणार आहे. अक्षर आता थरथरतं, पण वाचता येतं. त्या दिवशी भोकं सात होती. आवाज सहा झाले. नागप्पाने बरोबर मोजले होते. सातवा खडा मी टाकला.