डावी डबी वरच्या आळीची

"मिस्तरी, ह्यो रेडिओ समद्या गावाला ऐकू यील असा करा, न्हाईतर हिरीत टाका," पाटलांनी मला दारातच सुनावलं. "दोघं ऐकत्यात आन् दोन बातम्या सांगत्यात. लय ताप झालाय."

दुसऱ्या महायुद्धाचे दिवस होते. सांगलीत माझं रेडिओ दुरुस्तीचं दुकान. उंब्रजजवळच्या या गावात बॅटरीवरचा एकच सेट, तो पाटलांच्या सोप्यात. उंदरांनी त्याच्या स्पीकरचा कागद कुरतडला होता. लढाईमुळे नवा मिळेना, म्हणून मीच महिन्यापूर्वी त्याला हेडफोन जोडून दिला. ही अक्कल माझी, हे आधीच कबूल करतो.

गावात वरची आळी आणि खालची आळी. होळीची लाकडं रचण्यापासून देवळातल्या नगाऱ्यापर्यंत दोन्हीकडचा माणूस लागतो. हेडफोनला डब्या दोन. मग ओघानंच डावी डबी वरच्या आळीच्या पेन्शनर हवालदारांच्या कानाला आणि उजवी खालच्या आळीच्या पेन्शनर नाईकांच्या कानाला. दोघांना पलटणीतलं हिंदुस्थानी येई. संध्याकाळी डोक्याला डोकं लावून शत्रूच्या देशातलं स्टेशन ऐकायचं आणि आपापल्या आळीला मराठीत सांगायचं. ते गावभर सांगणं गुन्हा होता, त्यामुळे गोडी जास्त.

ते स्टेशन मोठं लबाड. इंग्रज काही भावांना पुढं मरायला धाडतात आणि काहींना मागं सुखात ठेवतात, एवढंच ते एकदा म्हणालं. कोणते भाऊ, ते सांगितलंच नाही. ती रिकामी जागा गावानं भरली.

आणि नेमकं हवालदारांच्या लेकीचं, हौसाचं लग्न नाईकांच्या पुतण्याशी ठरलेलं. पुतण्या शिवराम पलटणीतून रजेवर आलेला. रजेचे चार दिवस उरले होते आणि हवालदार लग्न मोडायला निघाले होते.

"तुमची पोरं भटारखान्यात भाकऱ्या थापत्यात आन् आमची गोळ्या खात्यात," हवालदार माझ्यासमोरच म्हणाले. "आज आठ दिस रेडिओ त्येच सांगतोय."

"माझ्या कानात तर उलटं सांगतोय!" नाईक उसळले.

"आवं मामा, मी तिथनंच आलोय," शिवराम हवालदारांना म्हणाला. "दोन्ही आळीची पोरं एकाच खंदकात हायती."

"तू गप रं! रेडिओपरास तुला जास्त कळतंय व्हय?" दोघं एकदम ओरडले. आठ दिवसांत त्यांचं एवढ्यावरच एकमत झालं असावं.

मी सेट उघडला. बापामागोमाग आलेली हौसा पाण्याचा तांब्या घेऊन पुढं आली. डोळे सुजलेले. "दादा, दुरुस्त हुईल न्हवं?" तिनं हळूच विचारलं. ती रेडिओबद्दल विचारत नव्हती. मला फार वाईट वाटलं.

हेडफोन कानाला लावला. चिडीचूप. बॅटरी ठीक, व्हॉल्व्हच्या काचेच्या नळ्या तापत होत्या. मग वायर बोटांनी चाचपत गेलो. उजव्या डबीच्या मुळाशी तार आतून तुटली होती. आता यातली गंमत सांगतो. या दोन डब्या एकाच तारेत, एकीमागे एक जोडलेल्या असतात. एका डबीतून गेलेला करंट दुसरीतून परत येतो. एकीची तार तुटली की दोन्ही मुक्या.

 मी तार न जोडता हेडफोन तसाच दोघांच्या हातात दिला. "जरा ऐकून सांगा."

दोघांनी डोळे मिटले. "हां, खालच्या आळीला परत रजा दिली म्हंतोय," हवालदार म्हणाले.

"खोटं! वरच्या आळीला दिली म्हंतोय," नाईक म्हणाले.

मी तुटलेल्या तारेची दोन टोकं ओढून पाटलांपुढं धरली आणि सगळं समजावलं. 

"कवापास्नं बंद हाय ह्ये?" पाटलांनी विचारलं.

नाईक खाली बघत म्हणाले, "आठ दिस झालं. मला वाटलं माझीच डबी बिघडली. हवालदार मान हलवत हुता, मग आमच्या आळीनं का मागं ऱ्हावं?"

"आरं गड्या, तू हलवत हुतास म्हणून मी हलवत हुतो!" हवालदार म्हणाले.

आधी शिवराम हसला, मग पाटील. दारामागून हौसाचंही हसू ऐकू आलं.

तिसऱ्या दिवशी लग्न लागलं. चौथ्या दिवशी शिवराम हळदीच्या अंगानं पलटणीत परतला. पुढं तो सुखरूप घरी आला, म्हणून हे हसून सांगता येतं.

तारेला कथलाचा डाग देऊन ती जोडायला मला दोन मिनिटं लागली. तेव्हापासून रेडिओ खोटं बोलतो अशी तक्रार घेऊन कुणी दुकानात आलं, तर मी आधी तो चालू आहे का ते बघतो.