लातूर ओलांडून गेलेली एसटी

त्या वर्षी पाऊस असा रुसला की आमच्या निलंग्याकडच्या विहिरींत कासवं पायी हिंडायची. दुष्काळी कामावर आम्ही नवरा-बायको खडी फोडायचो. मी इतकी फोडली की गावाशेजारचा डोंगर दोन बोटं बुटका झाला. खोटं वाटलं तर जाऊन मोजा.

तेवढ्यात अंगणवाडीत माझी निवड झाली. महिन्याच्या महिन्याला मानधन, दुष्काळ असो नसो. ट्रेनिंग सोमवारपासून, आणि ग्रामसेवकानं बजावलेलं, पोटुशी बाई तिथं चालणार नाही. घरात दोन लेकरं, पोटात तिसऱ्याचा दुसरा महिना. गावच्या नर्सबाईनं चिठ्ठी दिली. जिल्ह्याच्या दवाखान्यात जा म्हणाली, आता कायद्यानं मोकळं होता येतं.

जिल्हा म्हणजे उस्मानाबाद. आजोबापासून कोर्टकचेरी सगळी तिथलीच. शुक्रवारी निघालो. लातूरच्या स्टँडवर गाडी थांबली, उतरून भजी खाल्ली, आणि जागा जाईल म्हणून पळत परत गाडीत चढलो. उस्मानाबादच्या दवाखान्यात एकानं चिठ्ठी वाचली.

"बाई, यावर लातूर लिहिलंय. तुमचा जिल्हा आता लातूर झाला."

मी नवऱ्याकडं बघितलं. "चिठ्ठी वाचली न्हाई का तुम्ही?"

"जिल्हा म्हणल्यावर वाचायचं काय त्यात?"

शनिवारी लातूर. बाकड्यावर बसून माझा पाय असा हलत होता की भिंतीजवळचं बाकडं सरकत सरकत दारात आलं. अखेर डॉक्टरीणबाईंनी कागद पुढं केला. नवऱ्यानं पेन घेतलं आणि तो थांबला.

"आईला एकदा इचारून येतो."

"परवा सोमवार हाय," मी म्हणाले. "तुम्ही इचारून येईस्तोवर हे लेकरू शाळेत जाईल."

बाई हसल्या नाहीत. त्याच्या हातातलं पेन काढून त्यांनी माझ्यापुढं धरलं. "सही यांची लागते. तुमची नाही."

तोवर शाळेच्या कागदावर बापाची सही, मजुरीच्या हजेरीवर नवऱ्याची. मी नाव असं दाबून लिहिलं की खालच्या टेबलावर अजून उमटलेलं असेल.

सोमवारी ट्रेनिंगला बसले, ओटीपोट दाबून. त्या मानधनावर दोन्ही लेकरं शिकली, सासूबाईंचं औषधपाणी झालं. सुनेला नोकरी लागली ती आपल्या नवसानं, असं सासूबाई गावभर सांगायच्या.

मी "व्हय" म्हणायची.