औसा तालुक्याचा डबा

लातूरच्या एका कोचिंग क्लासमध्ये मी बरीच वर्षं कॉम्प्युटर सांभाळला. प्रवेशाच्या दिवसांत माझ्या टेबलासमोर पोरांची आणि पालकांची रांग लागायची. पोराचा फोटो, पालकाचा फोटो, सही, अंगठा, प्रत्येकाची वेगळी फाइल. पालकाचा फोटो होस्टेलच्या गेटपाससाठी लागायचा, भेटायला आलेला मामा खरंच मामा आहे की नाही ते कळावं म्हणून. नायगावकडचे, किल्लारीकडचे लोक त्या छोट्या कॅमेऱ्यासमोर श्वास रोखून बसायचे आणि फोटो निघाला तरी हलायचे नाहीत. मी ‘झालं काका’ म्हटल्यावर कुठे श्वास सोडायचे. ते दिवस आठवले की अजून बरं वाटतं.

सगळ्या वर्षांच्या फाइली मी एकाच फोल्डरमध्ये टाकत गेलो. आळस माझाच, दुसरं काय. शेवटी ते फोल्डर उघडेनासं झालं. माउसने क्लिक केलं की वाळूचं घड्याळ यायचं आणि मशीन बसकण मारायचं. डिस्क भरली होती, नवे प्रवेश तोंडावर आले होते, आणि क्लासचे सर म्हणाले, जुनं सगळं उडवून टाका. मग मी काळी खिडकी उघडली. तिच्यात चित्रं नसतात, नुसते हुकूम टाइप करायचे. ऑफिसातल्या मुली तिला माझी काळी जादू म्हणायच्या, आणि मीही जरा ताठ बसायचो.

त्या खिडकीतून पुसलेलं कचऱ्याच्या डब्यात जात नाही, कायमचं जातं. म्हणून नांदेडला मी कॉम्प्युटर शिकलो तिथल्या सरांचा एक नियम होता. जे पुसायचं त्याची आधी यादी मागवायची, आणि यादी वाचताना दोन्ही हात मांडीवर. पान संपलं की एक बटण दाबायचं, हात पुन्हा मांडीवर. कीबोर्डवर विनाकारण हात दिसला की पट्टी बसायची. मिसरूड फुटलेले आम्ही, पट्टी खाताना लाज वाटायची, पण सवय लागली ती लागलीच.

तर मी हात मांडीवर ठेवून यादी वाचत होतो. एकाच आडनावाची पोरं फार, म्हणून फाइलच्या नावात मी गावही घालायचो. अर्धापूर, पालक. निलंगा, पालक. नायगाव, पालक. मग किल्लारी, पालक. पुढच्या पानावर पुन्हा किल्लारी, पालक. माझे हात मांडीवरून उठेनात.

त्याचं कारण जुनं आहे. गंजगोलाईजवळ अब्बांचा फोटो स्टुडिओ होता. लाल बल्बची खोली, दोरीला चिमट्याने टांगलेले ओले फोटो, आणि फोटो धुवायच्या हायपोचा आंबूस वास. तो वास कुठे आला की मला अजून शाळा सुटल्यासारखं वाटतं. अब्बा एकही निगेटिव्ह फेकायचे नाहीत. तेलाच्या पत्र्याच्या डब्यांत, तालुक्याप्रमाणे लावून, वर चिठ्ठी चिकटवलेली.

मी बारावीला गेलो तेव्हा लातुरात घराघरांत बारावीचं वारं शिरलं होतं. माझ्यासाठीही टेबल आलं, पण स्टुडिओमागच्या खोलीत एक डबा आडवा येत होता. औसा तालुक्याचा. जुन्या निगेटिव्हमधून चांदी काढणारा एक माणूस दरवर्षी फिरत यायचा आणि अब्बा त्याला दरवर्षी चहा पाजून परत पाठवायचे. त्या वर्षी मी हट्ट धरला. औशाकडचं कोण येतंय कॉपी मागायला, असंही मीच म्हणालो. त्या माणसाने डबा पोत्यात उपडा केला, रिकामा डबा परत दिला आणि गेला. माझं टेबल छान बसलं.

काही महिन्यांनी भूकंप झाला. किल्लारी औसा तालुक्यातच येते.

नंतर लोक स्टुडिओत येऊ लागले. घरातले फोटो दगडमातीखाली गेले होते, माणसंही गेली होती. निलंग्याच्या, उमरग्याच्या डब्यांतून अब्बांनी कित्येकांची माणसं शोधून काढली आणि त्यांचे फोटो हाताने धुऊन दिले. एक दिवस किल्लारीकडचा एक माणूस आला. बायको आणि दोन पोरी गेल्या होत्या. जत्रेत अब्बांनी त्यांचा एकच फोटो काढला होता. अब्बांना त्याच क्षणी कळलं असणार. मला तर कळलंच. पण ‘नाही’ म्हणणं त्यांच्या तोंडून निघेना. ते दिवसभर भलत्याच डब्यांतल्या निगेटिव्ह बल्बसमोर धरून बघत राहिले, आणि तो माणूस स्टुलावर बसून त्यांच्या हाताकडे बघत राहिला. संध्याकाळी तोच उठला.

“असू द्या भाई. तुमी बघितलं, लई झालं.”

अब्बा मला त्याबद्दल एक शब्दही बोलले नाहीत, तेव्हाही नाही, नंतरही नाही. बोलले असते तर बरं झालं असतं. बारावीचा सगळा अभ्यास मी त्याच टेबलावर केला आणि मार्क बेताचेच पडले.

आता पुन्हा जागाच करायची होती, आणि पुन्हा मीच करणार होतो. मी खिडकी तशीच ठेवून बाजारात गेलो आणि कोऱ्या सीडींची चळत आणली. दोन दिवस त्यांवर ते फोटो भरत बसलो. सर वैतागले. कोण मागायला येणार आहे, असं त्यांनी विचारलं. प्रश्न माझ्या ओळखीचा होता. मी पुढची सीडी घातली. सगळं भरून झाल्यावर पुसायचा हुकूम दिला. नक्की पुसू का, असं मशीनने विचारलं आणि मी होकाराचं बटण दाबलं. कर्सर बराच वेळ नुसता लुकलुकत राहिला. परत यादी मागवली तर शून्य फाइली. क्लासचं काम झालं.

सीडी पिशवीत घालून घरी नेल्या. अब्बांना तेव्हा नीट दिसत नव्हतं. यात काय आहे, म्हणून त्यांनी विचारलं. मी सांगितलं, पोरांच्या आईबापांचे फोटो आहेत. ते उठले, भिंतीला धरत माळ्यापाशी गेले आणि मला वरून एक डबा काढायला लावला. तेलाचा, पत्र्याचा, आतून कोरडा ठणठणीत. चिठ्ठीवर त्यांच्याच अक्षरात औसा. इतकी वर्षं त्यांनी तो रिकामा ठेवला होता, त्यात दुसरं काही भरलं नव्हतं. एकेक सीडी हाताने चाचपत त्यांनी आत लावली.

माझ्या तोंडून निघून गेलं, की अब्बा, कोणी येणार नाही हो मागायला.

“कोई नै आया तो अच्छाच है,” ते म्हणाले. “आया तो खाली हात नै जाना.”

मग त्यांनी झाकण लावलं, आणि तो डबा आम्ही दोघांनी मिळून माझ्या त्याच बारावीच्या टेबलाखाली ठेवला.