मावशीनं ओसाका खाल्लं

कुठूनही कोणी परत आलं, की शेवगावची आमची मावशी "प्रवास कसा झाला?" असं कधी विचारत नसे. तिचा पहिला प्रश्न, "काय खाल्लंस?" आणि उत्तर बेतानं द्यावं लागे. तिचा पुतण्या काश्मीरला जाऊन आला आणि भोळेपणानं म्हणाला, "पावभाजी झकास मिळाली, काकू." मावशीनं गल्लीसमोर त्याची हजेरी घेतली. "मेल्या, मग गेल्तास कशाला? आपल्या स्टँडवरची पावभाजी संपली हुती का?" त्या दिवसापासून गल्लीत त्याचं नाव 'पावभाजी' पडलं ते पडलंच.

तिच्या लेखी गाव बघायचं म्हणजे तिथलं खायचं. कुठं खायचं, याचाही तिचा नियम होता. "बायका रांगेत हुब्या असतील तिथं खावं. गड्यांचं काय, भूक लागली की त्यांना कायबी गोड लागतं." शनिशिंगणापूरला गेलो तरी देवाला तेल वाहून झालं की ती बाहेर येऊन आधी रांगा बघायची.

एक गोष्ट आता लिहूनच टाकतो. मला आईपेक्षा मावशीचा लळा जास्त होता. आई होती तोवर हे मी कुणापाशी बोललो नाही, ती गेल्यावर तर जीभच उचलेना. मी असाच, पोटात ठेवणारा. बोलता येत नव्हतं म्हणून मावशीला एक मोठा प्रवास घडवायचा असं मनाशी धरलं. विचारलं तर म्हणाली, "लांब ने. जिथलं आपल्या गल्लीत कुनीच खाल्लं न्हाई, तिथं."

मी जपानची सहल ठरवली. पण माझ्या सावेडीच्या फ्लॅटमध्ये बसून माहितीपत्रक वाचताना माझा भित्रा स्वभाव आडवा आला. 'रोज भारतीय जेवणाची हमी' ही ओळ वाचून जिवाला बरं वाटलं आणि मी नाव नोंदवलं. मावशीला हे सांगितलंच नाही.

तोक्योत वरण-भात. क्योतोत छोले. एका संध्याकाळी तर श्रीखंड-पुरी, आणि आमचा सगळा गट टाळ्या वाजवतोय! मावशी ताटात बोट फिरवत बसायची. ओसाकात पोचलो तेव्हा परतीला एकच दिवस उरला होता. बसमध्ये ती खिडकीकडे तोंड करून म्हणाली, "गल्लीत काय सांगू रं? जपानात जाऊन जिरा राईस खाल्ला? ते पावभाजी दारात येऊन नाचंल माझ्या." आवाजात चेष्टा नव्हती. आयुष्यभर ज्यांना तिनं टोचलं, त्यांच्यासमोर आता हात हलवत जायचं होतं.

दुपारी बस भारतीय हॉटेलसमोर थांबली. मावशी खाली उतरली ती थेट समोरच्या बाजाराकडे चालू लागली. सहलीचा मॅनेजर धावत आला. "आजी, बाहेरचं खाऊन पोट बिघडलं तर?"

"आजी कुनाला म्हनतो? आन् पोट माझं हाय, तुज्या कंपनीचं न्हाई."

त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी नेहमीसारखा खाली बघणार होतो. पण म्हणालो, "आम्ही दोघं आज तुमच्याकडे जेवणार नाही." एवढंच वाक्य, पण माझे कान तापले. मावशीनं वळून माझ्याकडे असं बघितलं, जणू मी कुस्ती मारली.

छपराखालच्या त्या लांबलचक बाजारात ती दुकानं बघेना, रांगा बघत चालली. एका चिंचोळ्या हॉटेलापुढे पिशव्या घेतलेल्या पाच-सहा बायका होत्या. "हितं." पुढच्या बाईच्या अंगात बिबट्याच्या ठिपक्यांचा सदरा. "ही तर आपल्या उसातली दिसती," मावशी कुजबुजली. बाईनं वळून पर्समधून गोळी काढली आणि मावशीच्या हातावर ठेवली. ओळख ना पाळख! मावशीनं कनवटीची पुडी सोडून तिला खडीसाखर दिली. दोघी आपापल्या भाषेत बोलू लागल्या आणि मी मध्ये निरुपयोगी उभा.

आत टेबलातच तवा बसवलेला, आणि ती बाई आमच्याच टेबलाला. मालकानं कोबी, पीठ, अंडं कालवून त्यावर जाड थर ओतला. मावशीचे डोळे लकाकले. "अरं, हे तर थालीपीठ!" तिनं उलथनं उचललं आणि थालीपिठाच्या सवयीनं ते दाबायला गेली. मालक ओरडलाच. बिबट्याच्या सदऱ्याच्या बाईनं मावशीचं मनगट धरलं.

"दाबू न्हाई द्यायचं? आतनं कच्चं राहील की, बाई!"

बाई मान हलवत राहिली. मनगट सोडेना. मावशी धुसफुसत बसली. मग मालकानं दोन उलथन्यांनी ते पालटलं, आणि ते फुगून वर आलं. वर काळसर गोड रस, माशाचा पातळ कीस वाफेवर हलतोय. मावशीनं पहिला घास घेतला आणि डोळे मिटले. मग म्हणाली, "जल्मभर दाबत आले मी. उगीच." मावशी चुकली असं मावशीच्या तोंडून मी तेव्हाच ऐकलं.

नंतर तिला कोण आवरणार! आप्प्यांसारख्या साच्यात भाजलेले, पोटात समुद्रातल्या आठ पायांच्या प्राण्याचा तुकडा असलेले गोळे तिनं उभ्याउभ्या खाल्ले. संध्याकाळी सगळा गट तिच्या मागून त्या बाजारात निघाला. बुफेचा वरण-भात तसाच राहिला. मॅनेजरही आला आणि दोनदा मागून खाल्लं त्यानं.

शेवगावात ती ओट्यावर बसून महिनाभर सांगत होती. गल्लीतल्या बायकांनी कोबीची जाड, न दाबलेली थालीपिठं लावून पाहिली. आतून कच्ची राहिली. नवऱ्यांनी निमूट खाल्ली, पावभाजीनंसुद्धा.

मावशी गेल्या वर्षी गेली. दहाव्याला घाटावर पिंडाशेजारी मी एक जाड थालीपीठ ठेवलं, दाबलं नव्हतं. गुरुजींनी जरा नवलानं पाहिलं. लोक मागं सरकायच्या आतच कावळा उतरला.