क्लचवरचा डावा पाय

गडहिंग्लज डेपोत ड्रायव्हर बरेच होते, पण त्यांत बाई एकच, शिवांजली. वय चौतीस. लग्नानंतर नवऱ्याच्या, प्रभुलिंगच्या ट्रॅक्टरवर तिचा हात बसला होता. उसाच्या दोन ट्रॉल्या ओढत ती कारखान्यावर जायची, तेव्हा रस्त्यावरची माणसं वळून बघायची. पुढं तिनं अवजड वाहनाचं लायसन काढलं, परीक्षा दिली आणि एसटीत लागली.

नोकरीला अकरा महिने झाले होते. एका सकाळी तिनं म्हशीच्या पेंडीचं पोतं वाकून उचललं आणि कमरेत काहीतरी सटकलं. चार दिवसांत कळ डाव्या पायात उतरली. शिंकलं तरी पोटरीपर्यंत चमक जायची. पंधराव्या दिवशी तिला क्लच दाबवेना. गाडी रस्त्याच्या कडेला उभी करून ती स्टिअरिंगवर डोकं टेकून बसली.

एमआरआयमध्ये मणक्यातली शेवटची चकती सरकलेली दिसली. सर्जननं नीट तपासलं.

"पायातली ताकद शाबूत आहे, ऑपरेशनची घाई नको. तीन महिने दुसरे उपचार करून बघा. पण पाय लुळा पडला किंवा लघवीवरचा ताबा गेला, तर त्याच दिवशी माझ्याकडं यायचं."

सासूचा, नीलम्माचा, मात्र वेगळाच हट्ट. "शेजारच्या गावात एक म्हातारा पाठीवर उभा राहून कंबर बसवतो. जाऊया की!"

"न्हाय अव्वा. आत नस दबलीया. त्यावर कुणी पाय दिलेला मला चालायचा न्हाय."

ती गेली कोल्हापूरला, शाहूपुरीत, आदिती मॅडमकडं. आदिती कायरोप्रॅक्टर, म्हणजे चिरफाड न करता हातानं मणक्यांवर उपचार करणारी. मोबाइलवर शिवांजलीनं असले व्हिडिओ पाहिले होते. मान कडकन मोडतात आणि माणूस हसत उठतो. ती दात आवळूनच आत गेली. आदितीनं आधी गुडघ्यावर छोटी हातोडी मारून बघितली, चवड्यांवर चालवून बघितलं, एमआरआय दोनदा वाचला. मग तिला टेबलावर पालथं झोपवलं. टेबलाचा खालचा भाग हळूहळू खाली-वर होऊ लागला आणि आदितीचा तळवा कमरेवर नुसता टेकून राहिला. आवाज झालाच नाही.

"एवढंच?" शिवांजलीनं विचारलं.

"माझ्याकडून एवढंच, ताई. बाकीचं घरी तुम्ही करायचं. रोज, न चुकता."

डेपोनं तिला चौकशी खिडकीवर बसवलं. तिथंही ती दर अर्ध्या तासानं उभी राहायची. घरी पहाटे घोंगडं अंथरून व्यायाम चालायचे. सहाव्या आठवड्यात कंबर असली ठणकली, की ती आदितीसमोर रडलीच.

"वाया गेलं सगळं, मॅडम."

"पोटरी दुखते का आता?"

शिवांजली थांबली. तिनं पाय चाचपला. "न्हाय. पोटरी न्हाय दुखत. वर सरकलंय."

"मग रडताय कशाला? पायातनं वर येतंय, म्हणजे नस सुटायला लागलीय. बहुतेकांचं असंच बरं होतं."

त्या दिवसापासून तिनं मागं बघितलं नाही. चौथ्या महिन्यात सर्जननं फिटनेसचा कागद दिला आणि डेपोत पुन्हा चाचणी लागली. घ्यायला जोतीराम, सत्तावीस वर्षं गाडी चालवलेला, कमी बोलणारा माणूस. त्यानं मुद्दाम डेपोतली सगळ्यात जुनी गाडी काढली. शिवांजलीला ती चढावर थांबवायला लावली, रिव्हर्स घ्यायला लावली, गर्दीतनं फिरवायला लावली. पाऊण तासानं म्हणाला, "थांबवा. उतरा."

शिवांजली खाली उतरली. जोतीराम सीटवर चढला, क्लच दोनदा दाबला आणि खाली बघून म्हणाला, "माझ्या पायाला जड जातोय की ओ हा! उद्यापासनं कोल्हापूरची सातची गाडी तुमची."

दुसऱ्या दिवशी सातच्या गाडीत पहिल्या सीटवर नीलम्मा बसली होती, नवं इरकल लुगडं नेसून. काम काही नव्हतं. चढणाऱ्या प्रत्येकाला ती ड्रायव्हरकडं बोट दाखवून सांगत होती, "पावणं, ती बघा, माझी सून हाय."

कोल्हापूरला गाडी स्टँडात लागली. शिवांजली टुणकन खाली उतरली. नीलम्मा दांडीला धरून वाकत वाकत पायऱ्या उतरली.

"दोन तास बसून माझी कंबर धरली गं! तुझी?"

"माझी न्हाय," शिवांजली म्हणाली आणि सासूला हात दिला.