पिवळं फडकं पडल्यावर

हात सुटला. माझी दोन वर्षांची पोरगी पांढरी रेघ ओलांडून मैदानात, आणि समोरून हेल्मेटवाले धिप्पाड बाप्ये धावत येतायत. ती चाललीय कुठं, तर गवतावर पडलेलं पिवळं फडकं उचलायला.

हात मीच ढिला सोडला, कारण मला वाटलं खेळ थांबलाय.

लेस्टरचं पार्क, रविवार. ह्यांच्या ऑफिसातली माणसं तिथं अमेरिकन फुटबॉल खेळायची, ह्यांनापण ओढलेलं. मला त्यातलं काय कळतंय, माझी बारावीपण झाली नाही. शेजारच्या वहिनींनी सांगितलं, "कुणी चुकलं की रेफरी ते फडकं टाकतो, फ्लॅग म्हणतात त्याला. मग चुकलेल्या टीमला मागं सरकवतात." मघाशी एकजण बॉल सुटायच्या आधीच हलला, तर फ्लॅग पडला, शिट्टी वाजली, सगळे उभे राहिले आणि पाच यार्ड मागं गेले. मी म्हटलं, कळलं. फडकं पडलं की थांबायचं.

तसं नसतं हो. बॉल सुटायच्या आधी कुणी हललं तर लगेच थांबतात. पण पळापळीत कुणी कुणाचा शर्ट धरला तर फ्लॅग पडतो आणि खेळ चालूच राहतो, शिट्टी होईपर्यंत. ह्यावेळी समोरच्या टीममधल्या एकानं ह्यांचाच शर्ट धरलेला.

"अगं, धर तिला," वहिनी ओरडल्या.

माझा एक पाय रेघेवर. आमची पोर मागं लागलं की खिदळत पुढं पळते, नॅपी बदलताना रोजचंच आहे. मी धावले तर ती त्यांच्या पायातच जाणार. नाही धावले तर? मी मटकन खाली बसले, हात पसरले, "ये, भूर जायचं," म्हटलं. ते मलासुद्धा ऐकू आलं नाही.

बॉल घेऊन पळणारा समोरच्या टीमचा गोरा तिच्यापुढं गचकन थांबला, गुडघ्यावर बसला. मागचे दोघं त्याच्या पाठीवर आदळले. तो हलला नाही. मग शिट्टी. पोरगी फडकं घेऊन हसत आली, मला दाखवायला.

रेफरीनं ते तिच्याकडून घेतलं आणि ह्यांच्या कॅप्टनला विचारलं, त्यांना दहा यार्ड मागं पाठवू, का पेनल्टी नको? नको म्हटलं तर तो गोरा जिथवर पळत आला तिथूनच समोरची टीम पुढं खेळणार, म्हणजे फायदा त्यांचाच. हे धापा टाकत कॅप्टनला म्हणाले, नको म्हण. तो नको म्हणाला.

घरी येताना ह्यांनी एवढंच विचारलं, "तू धावली का नाहीस?"

मी तिची मूठ आणखी घट्ट धरली. अजून कुठं पिवळं कापड पडलेलं दिसलं की मी आधी पोरीला कडेवर उचलते. खरं सांगा, तुम्ही असता तर धावला असता, का खाली बसला असता?